अनुभव धागा : फाल्त्समधून शेजारच्या द्राक्षप्रदेशांत एका दिवसाची सहल

जर्मनीतील लुडविग्सहाफेन, मानहाइम, वाल्डोर्फ या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फाल्त्स या द्राक्षप्रदेशातला, बोकेनहाइमपासून श्वायगेनपर्यंतचा सुमारे ८५ किलोमीटरचा 'डॉइचे वाइनश्ट्रासे' (जर्मन वाइन-रस्ता) पाहुण्यांना दाखवून दाखवून पाठ झालेला असतो. १९३५ साली सुरू झालेला हा रस्ता येथे बाजूला ठेवावा आणि सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा शेजारच्या द्राक्षप्रदेशात काय वेगळे दिसले, ते लिहावे. चवीला गुण देणारी वर्णने कृपया टाळावीत. ती बाटलीवरही छापलेली असतात.

लांडाऊहून

नॉयश्टाटहून लांडाऊमार्गे फ्रान्समधील विसाँबूरपर्यंत थेट रेल्वेगाडी जाते आणि तीत सायकलही नेता येते. विसाँबूरच्या नैऋत्येला काही किलोमीटरवर क्लेबूर हे गाव आहे. आल्सासची प्रसिद्ध वाइन-वाट मार्लेनहाइमला, बरीच दक्षिणेकडे सुरू होते, त्यामुळे क्लेबूर आणि आसपासची गावे मुख्य प्रदेशापासून तुटलेल्या बेटासारखी वाटतात. महायुद्धात येथील बागा उद्ध्वस्त झाल्यानंतर शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी वाइनरी उभारली आणि आजही तिच्याच तळघरात आजूबाजूच्या गावांची द्राक्षे येतात. सहकारी साखर कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तेथील व्यवहार समजून घ्यायला फार वेळ लागत नाही.

लुडविग्सहाफेनहून

माझे वडील दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहेत. ते उन्हाळ्यात आमच्याकडे आले असताना त्यांना श्वायगेनला नेले, कारण तेथील अनेक शेतकऱ्यांच्या बागा सरहद्दीपलीकडे फ्रान्सच्या भूमीवर आहेत आणि तरीही त्या द्राक्षांची वाइन फाल्त्सची म्हणूनच विकली जाते. बाबांना सरहद्दीचे कौतुक फारसे वाटले नाही. "सात-बारा कोणाच्या नावावर आहे, ते सांग," एवढेच ते म्हणाले. मात्र वेलीजवळ गेल्यावर ते खाली बसले आणि खोडावरचा कलमाचा जोड बोटाने दाखवत राहिले. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातील बागा संपवल्यावर येथे त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमे बांधण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट वापरतात तो मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी, हा फरक त्यांनीच मला समजावून सांगितला. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांवर ज्यांचे वर्ष उभे असते, त्यांना हिवाळ्यात एकदाच छाटून एखादी काडी तारेवर वाकवणारी ही शेती आळशी वाटेल असे मला वाटले होते. पण भुरी आणि डाउनी हे वेलीचे बुरशीजन्य रोग येथेही आहेत हे कळल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न फवारण्या किती करतात, हाच होता. नाशिककडे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये उरकते आणि येथे सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो, त्यामुळे हिरवे कडक घड पाहून त्यांना आपली नोव्हेंबरातली बाग आठवत होती. वाइन त्यांनी घेतली नाही; द्राक्षाचा रस मात्र आवडीने प्यायले.

मानहाइमहून

बिंगेनला राइनहेस्सेन, नाहे, राइनगाऊ आणि मिटलराइन असे चार द्राक्षप्रदेश एकमेकांना भिडतात, म्हणून आम्ही तेथून फेरीबोटीने र्‍युडेसहाइमला गेलो. उत्तरेकडे वाहणारी राइन वीसबाडेनपासून काही अंतर पश्चिमेकडे वळते आणि त्यामुळेच उजव्या तीरावरच्या उतारांना दक्षिणेचे ऊन मिळते. नकाशापेक्षा बोटीतून हे पटकन लक्षात येते. तिथल्या श्लोस योहानिसबर्ग या वाइनरीच्या अंगणात एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. १७७५ साली बागेचे मालक असलेल्या फुल्डाच्या बिशपकडून तोडणीची परवानगी आणणारा दूत उशिरा पोहोचला, द्राक्षे तोवर वेलीवरच सडू लागली आणि त्यातून उशिरा तोडणीची, 'श्पेटलेझे' म्हणतात ती, वाइन रूढ झाली, अशी कथा तेथे सांगतात. र्‍युडेसहाइमची गर्दीची गल्ली टाळली तरी चालेल.

श्पायरहून

निअरश्टाइनचा 'रोटर हांग' ('लाल उतार') हा राइनकाठचा उतार लोहामुळे खरोखर लाल आहे. पावसानंतर बूट पाहून खात्री पटते.

धागाकर्तीकडून

दोन प्रश्न वारंवार आले आहेत. जर्मनी आणि फ्रान्स दोन्हीकडे चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.५ प्रति हजार आहे, परंतु जर्मनीत नव्या परवानाधारकांना आणि २१ वर्षांखालील चालकांना शून्यच पाळावे लागते. म्हणून रेल्वे बरी. तसेच रविवारी अनेक वाइनरींची विक्री बंद असते आणि आल्सासमध्ये दुपारच्या जेवणाला दारे लागतात, तेव्हा शनिवारी सकाळी निघावे. बाडेनमधील काइझरश्टुलच्या ज्वालामुखीजन्य टेकड्यांबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. जाऊन आलेल्यांनी अवश्य लिहावे.