कुंडलिकेवर कयाक घेऊन उतरायचंय, रोल (उलटल्यावर बोटीत बसूनच परत सरळ होणं) अजून भरवशाचा नाही. थांबू का जाऊ?

चिखलपाय:
नमस्कार मंडळी. मी पुण्याचा, पवना लेकवर सिट-ऑन-टॉप (वरून उघडी, वर बसायची कयाक) चालवून चालवून कंटाळलो म्हणून एका ग्रुपबरोबर स्विमिंग पूलमध्ये व्हाइटवॉटर कयाक शिकायला लागलो. वेट एक्झिट (उलट्या बोटीतून पाण्याखालीच बाहेर पडणं) आता न घाबरता होते, स्कर्टचा (बोटीत पाणी येऊ न देणारं कमरेभोवतीचं झाकण) ओढायचा लूप शोधायला डोळे उघडावे लागत नाहीत. रोल ताजातवाना असलो की बसतो, दमलो की डोकं आधी वर येतं आणि परत पाण्यात. ग्रुपमधले दोघं अनुभवी आहेत, ते कोलाडला कुंडलिका करायला निघालेत आणि मलाही चल म्हणतायत. राफ्टमधून ही नदी केलीये, तेव्हा काही भीती वाटली नव्हती, पण राफ्टमध्ये गाइड असतो, इथे मीच. तर प्रश्न असा की रोल शंभर टक्के बसेपर्यंत थांबावं का? आणि कुठली बोट घ्यावी?

एडीवाला:
राफ्टमधून नदी केली म्हणजे नदी कळली असं धरू नका, राफ्ट लाटेवरून सरळ निघून जाते, तिला थांबायचंच नसतं. कयाकवाल्याला थांबता आलं पाहिजे. कुंडलिका ग्रेड दोन-तीनची नदी आहे, मोठ्या धबधब्यासारखं काही नाही, पण पाणी सुटलेलं असतं तेव्हा सलग वाहतं आणि एका रॅपिडमधून (खळाळत्या पाण्याचा टप्पा) सावरायच्या आत दुसरा येतो. म्हणून माझ्या मते रोलच्या आधी एडी पक्की करा. खडकामागे किंवा वळणाच्या आतल्या बाजूला पाणी शांत असतं, कधी उलटं वरच्या दिशेने फिरतं, तिथे शिरता आणि तिथून निघता आलं की नदी तुमच्या हातात आली.

निघताना बहुतेक जण उलटतात ते एकाच कारणाने. कयाकचं नाक वरच्या दिशेला तिरकं ठेवून, थोडा वेग घेऊन एडीची रेघ (शांत पाणी आणि प्रवाह यांच्यामधली) कापायची, आणि नाक प्रवाहात शिरलं रे शिरलं की प्रवाह जिकडे चाललाय तिकडे झुकायचं, वरच्या बाजूची कड गुडघ्याने उचलून धरायची. अंगाला वाटतं की पाणी येतंय त्या बाजूला झुकावं, आणि तिथेच घात होतो, ती कड बुडते, पाणी तिच्यावर चढतं आणि कळायच्या आत तुम्ही उलटे. खडकावर आडवे आपटलात तरी तेच, खडकापासून लांब झुकायचं नाही, उलट त्याला मिठी मारायची. हे वाचून येत नाही, एकाच सोप्या एडीत आत-बाहेर, आत-बाहेर कंटाळा येईपर्यंत करावं लागतं.

थांबू नका, जा. पण त्या दोघांना आधी सांगा की पहिला अर्धा दिवस एडीचा, नदी खाली करायची घाई नाही.

रोलआधी:
एडीवाल्यांचं पटतं पण पूर्ण नाही. रोल नसेल तर उलटल्यावर एकच मार्ग, वेट एक्झिट आणि पोहणं, आणि कुंडलिकेत पोहणं म्हणजे नडग्या सोलून घेणं. शिवाय एक जण पाण्यात पडला की बाकी दोघांची नदी संपली, एकाने माणूस धरायचा, एकाने पाण्याने भरलेली बोट, आणि वल्हं तिसरीकडेच जातं. दोनदा पोहलं की हात गळतात, मग तिसऱ्यांदा साध्या पाण्यातही उलटतो. म्हणून पूलमध्ये मुद्दाम दमून मग रोल करा, वल्हं चुकीच्या बाजूला धरून उलटा आणि पाण्याखालीच सेटअप करून, म्हणजे वल्हं रोलच्या जागी आणून, वर या. डोकं शेवटी वर, हे शंभरदा वाचलं असेल पण कमरेचा झटका आधी बसला तरच डोकं शेवटी येतं, नुसतं ठरवून येत नाही. पूलचं पाणी स्थिर असतं, नदी तुम्हाला खेचत असते, त्यामुळे पूलमधल्या रोलवर नदीचा भरवसा ठेवू नका.

आणि पोहावं लागलंच तर पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ, वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात नको. गुडघ्याएवढं पाणी दिसतं म्हणून माणूस पाय टेकतो, पाय दोन दगडांत अडकतो आणि मागचं पाणी त्याला पुढे वाकवून खाली दाबतं. पोहणाऱ्यासाठी लाटांपेक्षा हे वाईट. किनाऱ्याला एडी दिसली की मग पालथं होऊन जीव तोडून पोहायचं.

रोह्याचा_पोऱ्या:
मी इथलाच. बाहेरून येणाऱ्यांना पटकन लक्षात येत नाही म्हणून सांगतो, पावसाळा सोडला तर ही नदी घड्याळावर चालते. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण, ते पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, १९२७ पासून, आणि तिथून पुढे आपल्या नदीला. नाहीतर मुळा नदीचं ते पाणी पुण्याकडून भीमेला गेलं असतं. त्याच धरणासाठी १९२१ साली सेनापती बापटांसोबत मावळातल्या लोकांनी सत्याग्रह केला होता, जमिनी गेल्या त्यांच्या, हे कोलाडला येणाऱ्यांनी माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. पाणी साधारण सकाळी सुटतं पण किती आणि किती वाजता हे आदल्या दिवशी राफ्टिंगवाल्यांकडून विचारूनच निघा, पुण्याहून पहाटे निघून दहाला पोचलात तर पाणी खाली निघून गेलेलं असेल. ते बंद झालं की पातळी उतरते, खडक उघडे पडतात आणि कयाकचं बूड खरवडत जातं. बहुतेक मजा वरच्या अर्ध्यात आहे, खाली नदी संथ होते, तिथे दमलेल्या हातांनी नुसतं वल्हवत बसावं लागतं. राफ्ट एकामागोमाग एक येतात, त्यांना ब्रेक नसतात, तेव्हा लाटेवर खेळत बसायचं असेल तर वर नजर ठेवायला एक माणूस हवाच. काठावरच्या फांद्या पाण्यात लोंबत असतात, त्यातून पाणी जातं, माणूस अडकतो, त्यांच्यापासून चार हात लांब. आणि जुलै-ऑगस्टमध्ये वरून सोडलेलं पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र येतं, नदी तपकिरी होते, नवख्याने तेव्हा नको.

चिखलपाय:
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पाणी काठावरूनच कळतं असं मी धरून चाललो होतो, तर आता आदल्या दिवशी फोन नक्की. त्या दोघांशी बोललो, पहिल्या दिवशी एकाच एडीवर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी वरचा अर्धाच भाग करायचा असं ठरतंय. बोटीचं मात्र कोणी सांगितलं नाही. भाड्याने दोन मिळतायत, एक छोटी चपटी प्लेबोट आणि एक मोठी गोलसर क्रीकबोट. मित्र म्हणतो प्लेबोटमध्ये लवकर शिकशील. माझं वजन ८२.

एडीवाला:
क्रीकबोट, डोळे झाकून. जास्त व्हॉल्यूम (आतली पोकळी) म्हणजे लाटेतून पटकन वर येते आणि कड बुडाली तरी लगेच पलटी करत नाही. प्लेबोटचे काठ धारदार असतात, ती नवख्याला प्रत्येक चुकीला पाण्यात टाकते, त्यात शिकणं होत नाही, धसका बसतो. फक्त आत बसून बघा, पायाचा टेकू तळव्यांना घट्ट लागतोय ना, मांड्या वरच्या पॅडला टेकतायत ना, कंबर इकडेतिकडे हलत नाही ना. सैल बोटीत तुम्ही कंबर झटकता आणि बोट तिथेच राहते, मग रोल बसत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसता. जागा उरली तर फोमचे तुकडे लावा. मागच्या बाजूला एअरबॅग फुगवलेली हवी, नाहीतर उलटल्यावर बोट पाण्याने भरून बाहेर काढता काढता दोघांचे हात मोडतील. निघण्याआधी ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) तपासा.

रोलआधी:
क्रीकबोटला दुजोरा. आणि थ्रो बॅग (पोहणाऱ्याकडे फेकायच्या दोराची पिशवी) त्या दोघांकडे आहे का विचारा, असली तरी लेकवर एकदा फेकून बघायला लावा. तुम्हाला दोर आला तर खांद्यावरून घेऊन छातीशी धरा, पाठ दोराकडे, चेहरा खालच्या दिशेला, म्हणजे पाणी तोंडावर येत नाही. हाताला गुंडाळायचा नाही, कितीही मोह झाला तरी. हेल्मेट पुढे कपाळावर, मागे सरकलेलं नको. पूलला बुधवारी येत असाल तर सांगा, मी पण असतो, दमल्यावरचा रोल एकत्र करू.

चिखलपाय:
बुधवारी संध्याकाळी सात. येतो.