आईच्या वहीतल्या रांगोळीत चूक आहे. दुरुस्त करायची का?

उंबरठा_पिंपरी:
घरात चार दिवस वाद चाललाय म्हणून इथं विचारते. माझ्याकडे आईची रांगोळीची वही आहे. शंभरपानी, पुठ्ठ्यावर 1987 लिहिलंय. निम्म्या रांगोळ्या गल्लीतल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या आणि कोपऱ्यात नोंद : 'वरच्या वहिनी', 'गिरणीच्या मावशी'.

त्यातली एक 15 ते 8 ची. मधल्या ओळीत 15 ठिपके, मग वर-खाली एकेक कमी करत 8 पर्यंत. सहा पाकळ्यांचं फूल. पाच पाकळ्या नीट मिटतात, सहावीची रेघ मात्र एक ठिपका सोडून आत वळते. मी ती तशीच काढत आले. आधी सांगलीच्या वाड्यात, आता इथं चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर, त्या गुळगुळीत टाइल्सवर (ओलं फडकं फिरवल्याशिवाय रांगोळी धरतच नाही मेली). परवा लेक शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, ही पाकळी वेगळी आहे." 35 वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून काढली. छापील पुस्तकातल्यासारखी दिसली अगदी. आठ वाजता झाडूवाल्या मावशी आल्या आणि पुसायच्या आधी थांबल्या. "आज दुसरी काढली का ताई?"

तेव्हापासून हात अडतोय. मी आयुष्यात एकही रांगोळी स्वतः रचलेली नाही, सगळ्या उतरवलेल्या. आता आईच्या रांगोळीत मी ढवळाढवळ करावी का?

गणितवेडा:
15 ते 8 म्हणजे एकूण 169 ठिपके. 60 अंशांनी फिरवा, सगळे परत जागच्या जागी येतात. मांडणीच अशी आहे म्हटल्यावर पाचच पाकळ्या मिटलेल्या ठेवायच्या हा हट्ट कशाला? दुरुस्त करा. लेकीला शाबासकी.

खळं_संगमेश्वर:
आमची आजी भाताची तुसं जाळून त्या पांढऱ्या राखेची रांगोळी घालायची. शेणानं सारवलेल्या खळ्यात. कुठं पोपडा निघालेला असायचा, कुठं कोंबडीनं उकरलेलं. तिची कुठलीच रांगोळी दोन्ही बाजूंनी सारखी आठवत नाही मला. तुमच्या वाड्यात खाली काय होतं ताई, शेण की फरशी?

बंगळुरूची_वहिनी:
थोडं अवांतर. आमच्या समोरच्या तमिळ आजी पहाटे तांदळाच्या पिठानं कोलम घालतात. त्यांची रेघ ठिपक्याला शिवत नाही, वळसा घालून जाते. माझी बघून एकदा म्हणाल्या, तू ठिपके झाकून का टाकतेस? मला काही उत्तर सुचेना. अजूनही त्यांच्या दारावरून जाताना जरा दबकूनच जाते.

चैत्रगौर:
आई आहेत का? असतील तर इथं काय विचारताय, फोन करा की.

उंबरठा_पिंपरी:
आहे हो, 78 ची, भावाकडे असते. केला फोन. आधी दहा मिनिटं गुडघे झाले, मग भावाच्या नव्या मिक्सरचा आवाज. मग मी रांगोळीचं काढलं.

"कुठली, ती पाकळ्यांची? अगं, दारात शहाबादीचा टवका उडालेला न्हवता का! ठिपका बसायचाच नाही तिथं. मग वळवली रेघ. वहीत नंतर घेतली, खालची बघून."

वाडा कधीच पाडला. त्या जागी आता तीन मजली इमारत आहे. आणि मी पिंपरीत रोज सकाळी तो टवका काढत बसलेय!

@खळं_संगमेश्वर, तुमच्या प्रश्नामुळेच फरशीचं विचारायचं सुचलं. @गणितवेडा, लेक तुमच्याच पार्टीत. म्हणाली, "आपल्या टाइलला कुठं टवका आहे?" टवका नाही, पण उजव्या बाजूला चपलांचं स्टँड आहे. आज 15 ते 8 घातली तर एक पाकळी त्याच्याखाली जायला लागली, म्हणून तिथं रेघ आत वळवली. लेक म्हणते, स्टँड हलव. कसं हलवू? भिंतीला ड्रिल करून बसवलंय, तेही हिच्याच बाबांनी.