प्रति: कोयनेच्या पाणलोटात ऑस्ट्रेलियन बाभूळ?

कोयनेच्या पाणलोटात जंगल वाढवायला एकाने ऑस्ट्रेलियन बाभूळ सुचवलीय, ‘झपाट्याने वाढते, कार्बन लवकर साठतो’ म्हणून. वाढते खरी, पण तिचा पाला सावकाश कुजतो आणि खाली दुसरं फारसं रुजत नाही. उतारावर ऐन, जांभूळ, हिरडा, अंजनी लावा. ओढ्याकाठी वाळुंज, उंबर, करंज.

३ × ३ मीटरने हेक्टरी ११११ रोपं बसतात. पण खड्डे खणण्याआधी तोडलेल्या बुंध्यांचे फुटवे मोजा. मूळ जुनं असल्याने राखलेला फुटवा नव्या रोपाच्या कितीतरी पुढे जातो, तोही फुकटात.

खड्डे दीड फुटी, मे संपायच्या आत. लागवड जूनअखेर. देशावरच्यासारखं खोलगट आळं घाटात करू नका, पाणी साचून मूळ कुजतं. रोप किंचित उंचवट्यावर बसवा. पिशवीच्या तळाशी सोटमुळाचं वेटोळं झालं असेल तर तेवढंच कात्रीने छाटा, नाहीतर झाड मोठं झाल्यावर वाऱ्याने आडवं होतं. जांभळाचं बी ताजंच पेरायचं, वाळलं की मेलं. दिवाळीनंतर ३ मीटरची जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) हवीच, वणव्यात सगळा हिशेब धुरात जातो.

आणि सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळी पठारावर, कुदळ नको. तिथे कातळावर जेमतेम वीतभर माती. ती जागा गवताची नि रानफुलांची.