संगीतकार आणि जातं

‘संगीतकाराने सुरांपुरतं बघावं, जगाशी त्याला काय घेणं?’ असं काही जण म्हणतात; मला ते काही पटत नाही. ९ ऑगस्ट १९४२ला, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन फौजेच्या वेढ्यातल्या रशियातल्या लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) वाजली. वादक उपासमारीने खंगलेले, काही तर सैन्यातून आणलेले; लाउडस्पीकरवरून जर्मन फौजेलाही ती ऐकवली. ती काय नुसती सुरांची हौस होती?

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या खान्देशातल्या बहिणाबाई (१८८०–१९५१) दळताना ओव्या रचायच्या. लय जात्याच्या फेऱ्याची. गावोगाव पिठाची गिरणी आली नि ती लय घराघरातून गेली. बायकांचे गळे काही बिघडले नव्हते; जातं थांबलं म्हणून गाणं थांबलं. खान्देशातली देवी कानबाई, तिची गाणी मात्र श्रावणात अजून ऐकू येतात, कारण तिच्या नैवेद्याचे रोट घरोघरी अजून होतात.