ज्ञान झाल्यावर देह का उरतो?

तापीकाठ, भुसावळ: राम राम मंडळी. तापीकाठी मेहूणला १२९७ साली मुक्ताई अंतर्धान पावली, असं आपली परंपरा सांगते; पण ती त्याआधीच मुक्त होती, हेही आपण मानतो. ज्ञानाने बंधन तुटतं, तर देह त्याच क्षणी का पडत नाही? दर्शनांची उत्तरं एकच आहेत का?

गिरणाथडी, चाळीसगाव: एकच नाहीत. अद्वैतात कर्माचे तीन भाग: ज्ञानाने संचित (आधीचं साठलेलं) जळतं, आगामी (पुढे घडणारं) चिकटत नाही, प्रारब्ध (फळ द्यायला लागलेलं) मात्र भोगूनच संपतं. तोवर देह. सांख्यकारिकेची ६७वी कारिका हेच सांगते, कुंभाराने हात काढला तरी वेगाने चाक फिरत राहतं. रामानुजांना जीवन्मुक्ती, म्हणजे जिवंतपणीच मुक्ती, अजिबात मान्य नाही. सदेह असणं हेच बंधन. देह असून मुक्त म्हणणं त्यांना ‘माझी आई वांझ आहे’ म्हणण्याइतकं विसंगत वाटतं.

लळिंग, धुळे: सगळ्यात बारीक हिशेब जैनांचा, तो नीट पाहावा. कर्मं आठ. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय, अंतराय ही चार घाती, म्हणजे आत्म्याचे गुण झाकणारी. त्यांचा क्षय झाला की तेरावं गुणस्थान (आत्म्याच्या चढणीच्या चौदा पायऱ्यांपैकी एक), म्हणजे केवलज्ञान, पूर्ण ज्ञान. वेदनीय, आयु, नाम, गोत्र ही अघाती चार उरतात, म्हणून देह उरतो. महावीरांना केवलज्ञान ४२व्या वर्षी, निर्वाण ७२व्या. मधली ३० वर्षं ही अशी. आयुकर्म थोडं आणि बाकीची तीन जास्त उरली असतील, तर केवली समुद्घात होतो: आठ समयांत (समय म्हणजे काळाचा सर्वांत लहान अंश) आत्मप्रदेश, म्हणजे आत्म्याचे अंश, लोकभर पसरून परत देहात येतात आणि चारांची स्थिती सारखी होते. मग चौदावं गुणस्थान, अ इ उ ऋ लृ म्हणायला लागेल एवढाच वेळ. पुढे सिद्धशिला, लोकाच्या माथ्यावरचं मुक्तांचं स्थान.

या चढणीत घसरण अकराव्या गुणस्थानावर होते. तिथे मोह दाबलेला असतो, संपलेला नसतो. अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, तो उसळतो आणि साधक खाली येतो. मोहाचा क्षय करत चढणारा दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो, अकरावं त्याच्या वाटेत येतच नाही.

वाघूर, जामनेर: बौद्ध बाजू थोडक्यात. बोधी ३५व्या वर्षी, परिनिर्वाण ८०व्या. मधलं ते सोपादिसेस निब्बान: तृष्णा विझलेली, पाच खंध (देह-मनाचे पाच गट) शिल्लक. मृत्यूनंतर अनुपादिसेस, खंधही उरत नाहीत. लोक एक गल्लत हमखास करतात. ‘मी’चा सिद्धांत, म्हणजे सक्कायदिट्ठि, पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे स्रोतापन्नाची सुटते, पण ‘मान’ हे संयोजन (बंधन) अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होईपर्यंत टिकतं. मत गेलं म्हणून अहंकार गेला असं होत नाही.

तापीकाठ, भुसावळ: लळिंगभाऊ, अकराव्याचं कळलं, फार उपयोगी. मग चांगदेवांच्या सिद्धी कुठे बसवायच्या?

गिरणाथडी, चाळीसगाव: मुक्तीत नाहीच. योगसूत्रं सिद्धींना समाधीतले अडथळेच म्हणतात. चौदाशे वर्षं काळाला चुकवलं अशी त्यांची ख्याती, तरी ज्ञानदेवांना पाठवलेलं पत्र कोरंच गेलं. उत्तराच्या ६५ ओव्यांत ज्ञानदेव सिद्धींचं नाव काढत नाहीत. पाहणारा आणि पाहिलं जाणारं वेगळं नाही, एवढंच तऱ्हेतऱ्हेने सांगतात. वाचताना आधी तेवढं धरा.