पगार वाढला आणि दशांशाला हात आखडू लागला

मोहरीचा_दाणा:
सगळ्यांना सलाम. दोन वर्षांत पगार जवळजवळ दुप्पट झाला. कमी होता तेव्हा दशांश, म्हणजे मिळकतीतला देवाला द्यायचा वाटा, आधी बाजूला काढायचो, मग बाकीचं बघायचो. आता दहावा हिस्सा काढायला बसलो की आकडा बघून मन म्हणतं, 'एवढे?'

परवा उपासनेत मार्क १० चा धडा होता, त्या श्रीमंत तरुणाचा. मी बायबल फोनवरच वाचतो. येशू त्याला म्हणतो 'तुझं असेल ते विकून टाक', इथवर आलो आणि वरून शेअरची सूचना टपकली. अंगठा आपसूक तिकडे. परत येईपर्यंत तो तरुण खिन्न होऊन निघूनही गेला होता.

पुढे येशू म्हणतो, श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं. लहानपणी ऐकलेलं की हे 'सुईचं नाक' म्हणजे यरुशलेमेतलं एक बुटकं दार. ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट आत शिरायचा. त्या दाराच्या भरवशावर मी आजवर निर्धास्त आहे. खरं आहे का ते? की ख्रिस्ती माणसानं श्रीमंत होऊच नये?

जुना_खजिनदार:
तसल्या दाराचा येशूच्या काळातला काही पुरावा नाही; ही गोष्ट कित्येक शतकांनंतरची. आणि पुढचं वाचा ना. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण, म्हणजे उद्धार, कोणाचा होणार? वाकून जाता आलं असतं तर थक्क कशाला झाले असते! येशूही 'वाका' म्हणत नाही. माणसांना अशक्य, देवाला नाही, असं म्हणतो.

बाकी येशूचा शिष्य अरिमथाईचा योसेफ श्रीमंतच होता, प्रभूला ठेवलं ते त्याच्याच कबरेत. पौलाचं ऐकून विश्वास ठेवणारी लुदिया जांभळी वस्त्रं विकायची, तो काही गरिबांचा माल नव्हे. श्रीमंत जकातदार जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली. उरलेल्या अर्धीबद्दल प्रभूनं विचारलं नाही. १ तीमथ्य ६:१० सुद्धा लोक अर्धंच सांगतात. सगळ्या वाइटाचं मूळ म्हटलंय ते पैशाच्या लोभाला.

दिव्यात_तेल:
खजिनदारकाका, आता आम्ही सगळे स्वतःला योसेफ समजू लागणार :)
मला उंटापेक्षा लूक १२ मधल्या येशूच्या दाखल्यातला शेतकरी घाबरवतो. चोरी नाही, लबाडी नाही. पीक आलं, कोठारं पुरेनात, मोठी बांधायला निघाला. पण बोलण्यात सारखं माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. आणि त्याच रात्री तो जीव परत मागितला जातो.

मोहरीच्या दाण्या, मी दान खात्यातून आपोआप जाईल असं लावून ठेवलं होतं. काही महिन्यांनी कळलं की देताना काहीच वाटत नाही, विजेचं बिल गेल्यासारखं. ते बंद केलं. आता स्वतः पाठवते. रक्कम टाकताना दर वेळी बोट अडखळतं. अडखळू दे.

मोहरीचा_दाणा:
म्हणजे दारही गेलं! ताई, ते अडखळणं ओळखीचं आहे. मला वाटायचं माझा विश्वासच आटला. या रविवारी छापील बायबल नेणार आहे. सूचना बंद केल्यात. शेअरचं ॲप मात्र अजून काढलेलं नाही, खोटं कशाला सांगू.