मदत हवी आहे: मामाच्या एल्विसच्या कॅसेटी. कुठली मैफल कुठल्या रात्रीची?

नमस्कार मंडळी,

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. गेल्या वर्षी तो गेला आणि त्याची पत्र्याची ट्रंक मामीने माझ्या गळ्यात मारली. "त्याच्या मांडीवर बसून तूच ऐकायचीस ती केकाटणारी गाणी, आता तूच ने." आत डांबरगोळ्या आणि एकतीस कॅसेटी. सगळ्या एल्विस प्रेस्लीच्या, सगळ्या लाइव्ह कार्यक्रमांच्या, आणि दुकानातली एकही नाही.

एल्विस अमेरिकेबाहेर गायला तो फक्त कॅनडात, १९५७ साली. युरोपात एकदाही नाही. त्यामुळे तिकडचे चाहते असल्या चोरून टेप केलेल्या मैफिलींवरच तहान भागवायचे. मामाला रॉटरडॅमला असाच एक डच गडी भेटला होता. बोट तिथे लागली की दोघांची कॅसेटींची देवाणघेवाण चालायची. आता मामाकडे बदल्यात द्यायला एल्विस कुठला असणार? मामी म्हणते, काजूगर आणि कैरीचं लोणचं जायचं.

माझी अडचण लेबलांची आहे. निम्म्यांवरची शाई उडालीय, उरलेल्यांवर त्या डच माणसाची अक्षरं. 'डी.एस.' म्हणजे डिनर शो आणि 'एम.एस.' म्हणजे मिडनाइट शो, एवढं कळायलाच मला आठवडा लागला. लास वेगासला एल्विस रोज रात्री असे दोन कार्यक्रम करायचा. ३१ जुलै १९६९ ला इंटरनॅशनल हॉटेलात सुरुवात झाली आणि चार आठवड्यांत ५७ कार्यक्रम झाले! गाणी जवळजवळ तीच. नाटकवाल्यांना लगेच कळेल: संहिता एकच, पण आज कोणाची एंट्री चुकली, कुठे हशा आला, यावरून प्रयोग ओळखायचा.

काही सोप्या निघाल्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची १० जून १९७२ ची मी सीडीशी ताडून पाहिली. त्या दिवशी दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले होते, मामाकडची रात्रीची आहे. होनोलुलूचीही लागली. १४ जानेवारी १९७३ चा उपग्रहावरून दाखवलेला कार्यक्रम सगळ्यांना माहीत असतो, पण ही १२ तारखेच्या रंगीत तालमीची आहे, तीसुद्धा प्रेक्षकांपुढे झालेली.

सात नंबरच्या कॅसेटवर मात्र काहीच लिहिलेलं नाही. एका संथ गाण्यात एल्विस मध्येच शब्द बदलतो, टकलावर काहीतरी विनोद करतो, आणि त्याला असं हसू फुटतं की पुढे गाताच येत नाही. मागे एक बाई मात्र वरच्या सुरात आलाप चालूच ठेवते. त्याने तो आणखीच हसतो. ही कुठली रात्र?

एकोणीस नंबर: सुरुवातीला वाद्यवृंदाचा तो गाजलेला 'झराथुस्त्र'चा (रिचर्ड स्ट्राउसच्या रचनेचा) गडगडाट, मग टाळ्या. माइकजवळ बसलेला कोणीतरी सतत खोकतोय. कार्यक्रम कुठला, पत्ता लागत नाही. शिवाय सगळं किंचित चढ्या पट्टीत वाजतंय.

दुसरं म्हणजे, चार कॅसेटींच्या कडांना पांढरी बुरशी आहे (कोकणातले पावसाळे, दुसरं काय). एक मी डिजिटल करून देणाऱ्या दुकानात दिली होती. त्यांनी 'आवाज स्वच्छ' करून एमपी३ दिली. खरखर गेली, पण एल्विस विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं. उरलेल्या घरीच कराव्यात म्हणते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_खरवस: सात नंबर ऐकताच ओळखू येईल अशी आहे. २६ ऑगस्ट १९६९, मिडनाइट शो. गाणं 'आर यू लोनसम टुनाइट'. मागची बाई म्हणजे त्याच्यामागे गाणाऱ्या बायकांच्या 'स्वीट इन्स्पिरेशन्स' या गटातली सिसी ह्यूस्टन, गायिका व्हिटनीची आई. मात्र हे दुर्मिळ राहिलेलं नाही. आरसीए या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने ऑगस्ट १९६९ मध्ये टेप केलेले सगळे कार्यक्रम २०१९ मध्ये अकरा सीडींच्या संचात आले, त्यात हेही आहे. मामांना मोठं घबाड मिळालं असं वाटलं असेल तेव्हा. वाईट वाटून घेऊ नका.

बोटीवरचा_नातू: अवांतर: आमच्याकडे शम्मी कपूरलाच एल्विस म्हणायचे. आजीचा आजही तोच आग्रह आहे.

टेपवाला: बुरशीवाल्या कॅसेटी चांगल्या कॅसेट डेकमध्ये घालू नका, टेप जिथे घासून वाजते त्या हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी हाताने, पेन्सिल घालून सावकाश फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. टेपच्या मागची इवलीशी फेल्टची गादी तपासा. ती गळून पडली असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. तसं असेल तर स्क्रूवाली जुनी कॅसेट उघडून त्या सांगाड्यात रिळं बसवा. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि डेकच्या हेडचा लहान स्क्रू असतो, तो अगदी केसभर फिरवून झांजा लख्ख ऐकू येतात तिथे थांबा. निम्म्या टेपा याच कारणाने घोगऱ्या वाजतात. साठवताना वेव्ह किंवा फ्लॅक फाइल करा, एमपी३सारखा त्यात आवाज घटत नाही. खरखर काढायची तर नंतर, प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका.

पट्टीचं म्हणाल तर घरी पेटी आहे का? त्याच सुमाराच्या अधिकृत सीडीवरचं तेच गाणं घ्या, स्वर पेटीवर काढा, मग टेपवर काढा. फरक कळला की संगणकावर वेग तेवढा उतरवा.

खडूस_खरवस: एकोणीससाठी: तो गडगडाट असेल तर १९७१ च्या आधीची नाही. आता वादकांची ओळख ऐका, बहुतेक कार्यक्रमांत तो करून देतोच. गिटारवर जेम्स बर्टन सगळीकडेच असतो, त्याचा उपयोग नाही. बेसवर कोण, ते सांगा. जेरी शेफ की दुसरं कोणी? शिवाय 'हर्ट' हे गाणं गायलाय का? असेल तर १९७६ किंवा नंतरची.

धागाकर्ती: टेपवाला, पेटी आहे! आईची, काळी पाच खराब आहे पण चालेल.

खडूस, 'हर्ट' नाही. बेसवाल्याचं नाव तीनदा मागे घेऊन ऐकलं, ड्यूक बार्डवेल असं ऐकू येतंय.

खडूस_खरवस: मग १९७४, फार तर १९७५ ची सुरुवात. बार्डवेल एल्विसबरोबर तेवढाच काळ होता. २० मार्च १९७४ ची मेम्फिसची एलपी याच काळातली, पट्टी तिच्याशीच जुळवा. माइकजवळ खोकला आहे म्हणजे प्रेक्षकांतून टेप केलेली. साउंडबोर्डची (मंचावरच्या माइकांचा आवाज थेट मिक्सरमधून घेतलेली) असती तर एल्विसचा गळा अगदी कानाशी आला असता आणि ऑर्केस्ट्रा लांब गेला असता. सोनीचं 'फॉलो दॅट ड्रीम' हे लेबल १९९९ पासून अशा साउंडबोर्डच्या टेपा काढतंय, त्यांच्या यादीत त्या काळचे कार्यक्रम चाळा. गाणी जुळली तर तारीख लागेल. एक शेवटचं: टेपच्या शेवटी 'एल्विस हॅज लेफ्ट द बिल्डिंग' अशी घोषणा आहे का? दौऱ्यावर अल ड्वोरिन ती करायचा. असेल तर वेगास सोडून द्या, गावोगावचे कार्यक्रम शोधा.

धागाकर्ती: आत्ताच ऐकलं. "एल्विस हॅज..." आणि टेप संपली. पण तेवढ्यात तो खोकणारा पुन्हा खोकलाय.